नवीकरणीय विजेसाठी प्रमाणित करार: उद्योगाच्या कार्यगटात प्रथमच सहभागी होणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

वीजनिर्माते, किरकोळ पुरवठादार, मोठे औद्योगिक ग्राहक आणि दलाल यांनी एकत्र बसून वीज-कराराचा एकच सर्वमान्य नमुना ठरवायचा, अशा कार्यगटात आपल्या संस्थेचे प्रतिनिधी म्हणून प्रथमच जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. अशा गटांत तांत्रिक ज्ञानाची वानवा सहसा नसते, मात्र एक साधा प्रश्न पुष्कळदा शेवटपर्यंत विचारलाच जात नाही: हा करार विकणार कोण? सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढू लागला की संध्याकाळच्या महाग तासांपासून संरक्षण जवळजवळ सर्वांनाच हवे असते, आणि ते देण्याची क्षमता मोजक्यांकडेच असते. त्या मोजक्यांना परवडेल आणि बाकीच्यांना उपयोगी पडेल, अशा बेताने प्रत्येक कलम लिहावे लागते. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर, करार आपल्या गरजेला किती तंतोतंत बसतो यापेक्षा त्याची पुन्हा पुन्हा खरेदी-विक्री होईल का, हीच कसोटी धरली आहे.

पायरी १: आपली जोखीम तासवार मांडून घ्यावी

बैठकीला जाण्यापूर्वीचे हे काम आहे आणि ते दुसऱ्यावर सोपवू नये. आधी कराराचे मूळ स्वरूप पाहू. घाऊक वीजबाजारातील बरेचसे प्रमाणित करार आर्थिक स्वरूपाचे असतात. त्यांत वीज प्रत्यक्ष हस्तांतरित होत नाही. कराराची किंमत आणि बाजारातील त्या वेळची किंमत यांतील फरक एक पक्ष दुसऱ्याला देतो. याला फरकाचा करार किंवा स्वॅप म्हणतात. पूर्वी अशा करारांचे दोनच प्रकार मुख्यतः चालत: चोवीस तास सारख्या प्रमाणात लागू असणारा बेसलोड आणि कामाच्या दिवसांतील गर्दीच्या तासांचा पीक. औष्णिक, अणु आणि जलविद्युत केंद्रांच्या काळात ही विभागणी पुरेशी होती.

आता ती का पुरत नाही, हे एका उदाहरणावरून दिसेल. एका सौर प्रकल्पाने १० मेगावॉटचा बेसलोड स्वॅप प्रति मेगावॉट-तास ८० या किमतीला विकला आहे, असे समजू. चलन कोणतेही असो. दुपारी प्रकल्प ४० मेगावॉट निर्मिती करतो आणि बाजारभाव २० आहे. बाजारातून तासाला ८०० मिळतात, स्वॅपमधून ६० च्या फरकाने आणखी ६०० मिळतात. म्हणजे पडलेल्या भावापासून संरक्षण मिळाले ते केवळ एक चतुर्थांश निर्मितीला. संध्याकाळी सूर्य मावळला, निर्मिती शून्य झाली आणि भाव २०० वर गेला, तर प्रकल्पाला तासाला १,२०० भरावे लागतात, आणि ते भरण्यासाठी विकायला हाती एकही युनिट नसते. जोखीम कमी करण्यासाठी केलेल्या करारानेच नवी जोखीम उभी केली. पुरवठादाराची स्थिती याच्या उलट बाजूने तशीच असते: सौर प्रकल्पाशी दीर्घकालीन खरेदी करार केल्याने त्याची दुपार भागते, परंतु संध्याकाळ उघडीच राहते. हे दोघे एकमेकांची गरज भागवू शकत नाहीत. दोघांनाही तिसरा लागतो, आणि तो म्हणजे साठवलेले पाणी, बॅटरी, वायूवरील केंद्र किंवा मागणी पुढे-मागे करू शकणारा ग्राहक.

कॅलिफोर्नियाच्या वीजजाळ्याच्या चालकाने २०१३ मध्ये ‘डक कर्व्ह’ (बदकाच्या आकाराची रेषा) नावाने प्रसिद्ध झालेला आलेख मांडला, तो याच बदलाचा होता: सौर वीज वजा केल्यावर उरणारी मागणी दुपारी खोल जाते आणि संध्याकाळी झपाट्याने चढते. युरोपात पीक कराराचे तास सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते रात्री ८ असे ठरलेले आहेत. सौर निर्मिती वाढल्यावर याच तासांच्या मधोमध दिवसातली सर्वांत स्वस्त वीज येऊन बसली. परिणामी जर्मनीत उन्हाळ्याच्या महिन्यांत पीक तासांची सरासरी किंमत चोवीस तासांच्या सरासरीपेक्षा खाली गेल्याचे प्रसंग आले. करार तोच राहिला आणि नावाचा अर्थ मात्र उलटला.

तेव्हा आपल्या मागील किमान दोन-तीन वर्षांची मागणी, निर्मिती आणि बाजारभाव यांची तासवार आकडेवारी काढावी, असलेले करार त्यातून वजा करावेत आणि उरलेली उघडी बाजू कोणत्या तासांत आहे ते पाहावे. उघडी बाजू आणि चढा भाव हे दोन्ही ज्या तासांत एकत्र येतात, तेवढेच तास बैठकीत मांडावेत. येथे आणखी एक भेद आवर्जून करावा लागतो. रोज संध्याकाळी येणारी महागाई ही एक गोष्ट आहे. वारा पडलेला आणि ढगाळ असा लागोपाठचा आठवडा किंवा धरणांत पाणी नसलेला हंगाम ही दुसरी. ठरावीक तासांचा करार पहिलीवर चांगला उपाय आहे आणि दुसरीवर अपुरा. एकाच करारातून दोन्ही साधण्याचा आग्रह धरणारे गट महिनोन्महिने रेंगाळतात.

पायरी २: काय नव्याने लिहायचे नाही, ते ठरवावे

प्रमाणित करार हा शब्दप्रयोग दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो आणि नवख्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. पहिली वस्तू म्हणजे प्रमाणित मजकूर. आंतरराष्ट्रीय स्वॅप आणि डेरिव्हेटिव्ह संघटनेचा, म्हणजे इस्डाचा, २००२ चा मास्टर करार, युरोपातील ऊर्जा व्यापाऱ्यांच्या एफेट (आता एनर्जी ट्रेडर्स युरोप) या संघटनेचा वीज देवघेवीचा सर्वसाधारण करार आणि अमेरिकेतील एडिसन इलेक्ट्रिक इन्स्टिट्यूटचा २००० मधील मास्टर करार ही त्याची उदाहरणे होत. थकबाकी, दिवाळखोरी, करार संपुष्टात आल्यावरचा हिशेब, तारण आणि वादनिवारण या बाबी त्यांत एकदाच ठरतात आणि नंतरचा प्रत्येक व्यवहार पानभराच्या पुष्टिपत्रावर होतो. एफेटने २०१९ मध्ये नवीकरणीय विजेच्या दीर्घकालीन खरेदी करारासाठी जो नमुना प्रसिद्ध केला, तोही याच जातीचा आहे: भाषा समान, परंतु मुदत, किंमत आणि निर्मितीचे प्रमाण कसे मोजायचे यांसाठी पर्याय खुले.

दुसरी वस्तू म्हणजे प्रमाणित उत्पादन. त्यात तास, मुदत, ठिकाण, परिमाण मोजण्याचे एकक हे सगळे आधीच गोठवलेले असते. दोन पक्षांमध्ये बोलणी होतात ती फक्त किंमत आणि संख्येवर. किमती दिसू लागतात, तुलना करता येते आणि नको झालेला करार पुढे विकता येतो, तो या दुसऱ्या प्रकारात. आपला गट कोणती वस्तू घडवतो आहे, हे पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. प्रमाणित उत्पादन घडवायचे असेल तर कायदेशीर मजकूर प्रस्थापित मास्टर कराराचा घ्यावा आणि आपल्याकडे केवळ त्याची पुरवणी लिहावी. मजकूर नव्याने लिहिण्याचा मोह वकिलांना होतो. तो आवरणे हे अध्यक्षांचे काम आहे.

पायरी ३: स्पर्धा-कायद्याची चौकट आधी आखावी

एकमेकांचे प्रतिस्पर्धी एकाच टेबलाभोवती बसून व्यवहाराच्या अटी ठरवतात, हे कोणत्याही स्पर्धा नियामकाला संशयास्पद वाटावे असेच दृश्य आहे. म्हणून गटाचा अध्यक्ष बाजारात व्यवहार न करणारा असावा, विषयपत्रिका आगाऊ जावी, तिच्याबाहेरचा विषय निघू नये आणि इतिवृत्त शक्यतो सार्वजनिक असावे. भविष्यातील किमती, आपण देऊ करणार असलेले भाव, विशिष्ट ग्राहक, केंद्रांच्या बंद राहण्याच्या अप्रसिद्ध तारखा यांविषयी बैठकीत किंवा चहाच्या वेळी एक शब्दही बोलू नये. कोणी तसे बोलू लागला तर आक्षेप घ्यावा. तरीही थांबला नाही तर बाहेर पडावे आणि आपण बाहेर पडल्याची वेळेसह नोंद करून घ्यावी. हे अतिरेकी वाटेल, पण अशा प्रकरणांत गप्प बसून ऐकणाराही सहभागी मानला जाऊ शकतो. गटाने करार कसा असावा एवढेच ठरवायचे असते. तो कोणी, कितीला, कोणाशी करावा हे नाही.

गटाची रचनाही येथेच तपासावी. विकणारे आणि घेणारे यांचे संख्याबळ समान असून भागत नाही, कारण विक्रेत्यांपैकी जे वीजनिर्मितीही करतात आणि किरकोळ पुरवठाही करतात, त्यांची लवचीक क्षमता, म्हणजे हवी तेव्हा वाढवता किंवा घटवता येणारी वीज, आधी स्वतःच्याच ग्राहकांसाठी राखलेली असते. त्यांना बाहेर विकण्याची निकड नसते. लहान पुरवठादारांनी बहुमताने मंजूर केलेला आणि मोठ्या विक्रेत्यांनी मौनाने स्वीकारलेला करार कागदावरच राहतो.

पायरी ४: तास, मुदत, ठिकाण आणि परिमाण ठरवावे

गटाचा सर्वाधिक वेळ येथे जातो, आणि तो येथेच जायला हवा.

तासांपासून सुरुवात करावी. १०० मेगावॉट क्षमतेची, २०० मेगावॉट-तास साठवणारी बॅटरी डोळ्यांसमोर ठेवावी आणि तूर्त ऊर्जेची गळती बाजूला ठेवावी. कराराची खिडकी, म्हणजे तो लागू असण्याचा कालावधी, दोन तासांची असेल तर ही बॅटरी पूर्ण १०० मेगावॉट विकू शकते. तीन तासांची केली तर सुमारे ६६. चार तासांची केली तर फक्त ५०. खरेदीदाराला खिडकी रुंद हवी असते, कारण त्याची संध्याकाळ चार तासांची असते. मात्र वाढवलेला प्रत्येक तास बाजारात येऊ शकणारे परिमाण कमी करतो आणि उरलेल्याची किंमत वाढवतो. या एका गणितावर चर्चा केंद्रित केली तर अर्धे मतभेद मिटतात.

न्यूझीलंडमधील अनुभव येथे उपयोगी आहे. त्या देशात वर्षाला ८० टक्क्यांहून अधिक वीज नवीकरणीय स्रोतांपासून येते आणि लवचीक क्षमता मुख्यतः निर्मिती व पुरवठा दोन्ही करणाऱ्या चार मोठ्या कंपन्यांकडे आहे. नवीकरणीय व्यवस्थेत किमती कशा ठरतील याचा अभ्यास करणाऱ्या सल्लागार गटाने २०२३ मध्ये लवचीकतेसाठी प्रमाणित उत्पादनाची शिफारस केली. नियामक संस्थेने २०२४ मध्ये उद्योगातील तज्ज्ञांचा सह-रचना गट बसवला. आणि सकाळ-संध्याकाळच्या महाग तासांपुरता मर्यादित असा ‘सुपर-पीक’ करार जानेवारी २०२५ पासून व्यवहारात आला. प्रत्येक गरजेसाठी वेगळे उत्पादन न काढता, ज्यावर सर्वाधिक पक्षांचे एकमत होऊ शकते अशा एकाने आरंभ करणे, हा त्यातला घेण्यासारखा भाग आहे.

काही गट स्वॅपऐवजी कॅप पसंत करतात. कॅपचा विक्रेता आगाऊ प्रीमियम घेतो आणि बाजारभाव ठरावीक मर्यादेच्या वर गेला की वरचा फरक भरून देतो. ऑस्ट्रेलियात ही मर्यादा प्रति मेगावॉट-तास ३०० ऑस्ट्रेलियन डॉलर अशी रूढ आहे, तर बाजारभावाची कमाल मर्यादा २०२४-२५ मध्ये १७,५०० डॉलर होती. यावरून विक्रेत्याच्या अंगावर किती येऊ शकते याची कल्पना यावी. वायूवर चालणारे केंद्र चढा भाव टिकेल तितका वेळ चालू राहू शकते, म्हणून ते असा करार निर्धास्तपणे विकते. दोन तासांची बॅटरी तसे करू शकत नाही. भविष्यातील विक्रेते प्रामुख्याने बॅटऱ्या असतील असा अंदाज असेल, तर अमर्याद तासांची कॅप प्रमाणित करणे म्हणजे त्यांना दाराबाहेर ठेवणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

तासाच्या आतले तुकडेही विसरू नयेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वीजबाजारात १ ऑक्टोबर २०२१ पासून दर पाच मिनिटांच्या भावाने हिशेब होतो. युरोपातील एकत्रित दिवस-आधीचा बाजार (जेथे उद्याच्या विजेचा व्यवहार आज होतो) १ ऑक्टोबर २०२५ च्या वीजवितरणापासून पंधरा मिनिटांच्या तुकड्यांवर आला. सुरू व्हायला वेळ लागणाऱ्या केंद्राला पाच मिनिटांची उसळी पकडता येत नाही, त्यामुळे त्याने विकायचा करार त्याला अधिक धोक्याचा होतो. बॅटरीला मात्र ती सहज पकडता येते. कराराची आधारकिंमत, म्हणजे ज्या बाजारभावाशी तुलना करून फरक काढतात तो भाव, तुकड्यातुकड्याने धरायची की तासाच्या सरासरीने, हा म्हणूनच केवळ हिशेबनिसांचा प्रश्न राहत नाही.

ठिकाणाबाबत संयम पाळावा. जेथे जाळ्याच्या प्रत्येक बिंदूवर वेगळा भाव असतो, तेथे प्रत्येकाला आपल्या जवळचा बिंदू हवा असतो. प्रत्येक नवा बिंदू मात्र तेच थोडे खरेदीदार-विक्रेते आणखी विभागतो. न्यूझीलंडचे वायदे ओटाहुहू आणि बेनमोर या दोनच बिंदूंवर चालतात. नॉर्डिक देशांत एका सामाईक भावावर मुख्य करार होतो आणि क्षेत्रीय फरकासाठी वेगळा पूरक करार घेता येतो. एक किंवा दोन आधारबिंदू ठेवावेत आणि उरलेली तफावत ज्याची त्याने सोसावी.

परिमाण स्थिर असावे. जेवढी निर्मिती होईल तेवढ्याचा करार हा विकासकाला सोयीचा असतो, परंतु हवामानाची सगळी जोखीम तो खरेदीदाराकडे सरकवतो आणि प्रत्येक प्रकल्पागणिक वेगळा ठरत असल्याने त्याला दुय्यम बाजार मिळत नाही, म्हणजे तो पुढे विकता येत नाही. अशी जोखीम विशेष करारांनी हाताळता येते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये पवनऊर्जेच्या चढउतारांसाठी परिमाण स्थिर करणारे करार केले, ते याच प्रकारचे होते. प्रमाणित उत्पादनात तो प्रश्न आणू नये. एकक मात्र लहान ठेवावे, म्हणजे छोट्या पुरवठादाराला अंशतः खरेदी करता येईल. मुदतीबाबत फार वाद होत नाहीत: तिमाही हे बहुतेकांना चालणारे माप आहे.

पायरी ५: अडचणीच्या दिवसांची कलमे लिहावीत

सुरळीत दिवसांत कोणताही करार चालतो. पुरवणीतील खरे काम असते ते आधारकिंमत मिळतच नाही, उशिरा दुरुस्त होते किंवा तिचा अर्थ बदलतो, अशा प्रसंगांचे. १५ जून २०२२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या बाजारचालकाने राष्ट्रीय घाऊक वीजबाजार तात्पुरता स्थगित केला आणि काही दिवस भाव प्रशासकीय पद्धतीने ठरले. अशा वेळी कराराचा हिशेब त्या प्रशासकीय भावाने होणार, मागील सरासरीने होणार की पुढे ढकलला जाणार, हे मजकुरात आधीच असले पाहिजे.

ऋण भाव हा दुसरा विषय. ब्रिटनमधील सरकारी फरक-करारांच्या चौथ्या लिलाव-फेरीपासून बाजारभाव शून्याखाली असताना निर्मात्याला फरकाची रक्कम मिळत नाही, म्हणजे नको असलेली वीज ढकलत राहण्याचे प्रलोभन राहत नाही. स्थिर परिमाणाच्या स्वॅपमध्ये ते प्रलोभन मुळातच कमी असते, कारण रक्कम प्रत्यक्ष निर्मितीवर अवलंबून नसते. तरीही शून्याखालचा भाव हिशेबात जसाच्या तसा धरायचा की शून्य मानायचा, हे लिहूनच ठेवावे. हरित प्रमाणपत्रे (वीज नवीकरणीय स्रोताची असल्याचे दाखले) करारासोबत जातात की नाहीत, हेही एका वाक्यात स्पष्ट करावे. माझ्या मते ती वेगळीच ठेवावीत.

तारणाची अट सर्वांत शेवटी चर्चेला येते आणि लहान कंपन्यांना ती सर्वाधिक बोचते. बाजारभाव हलला की रोज मार्जिन, म्हणजे वाढीव रोख तारण, मागणारा करार कागदावर सुरक्षित असतो, परंतु भाव भडकलेल्या आठवड्यात तोच लहान पुरवठादाराची रोकड संपवतो, म्हणजे ज्या दिवसासाठी संरक्षण घेतले त्याच दिवशी. बँक हमी किंवा मर्यादेपर्यंत तारणमुक्त पत, असे किमान दोन पर्याय पुरवणीत ठेवावेत.

पायरी ६: जुन्या आकड्यांवर आणि मग छोट्या व्यवहारांत चाचणी घ्यावी

मसुदा तयार झाला की गेल्या काही वर्षांतील सर्वांत वाईट आठवडे निवडावेत आणि प्रत्येक सदस्याने आपल्यापुरता, गोपनीय पद्धतीने हिशेब करून पाहावा: हा करार असता तर उघडी बाजू किती कमी झाली असती? निष्कर्ष गटात सांगताना फक्त दिशा आणि अंदाजे प्रमाण सांगावे, आकडे नव्हेत.

त्यानंतर ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी व्यवहाराचे सत्र भरवावे. रोज चालणारा विरळ बाजार ठेवण्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा सर्वांना एकत्र आणणारे सत्र सुरुवातीला अधिक उपयोगी पडते. न्यूझीलंडच्या सुपर-पीक करारासाठीही अशीच पंधरवड्याची सत्रे योजली गेली. सत्रानंतर झालेल्या व्यवहारांच्या किमती जाहीर कराव्यात. बॅटरी उभारू पाहणाऱ्या गुंतवणूकदाराला संध्याकाळच्या चार तासांची पुढील दोन वर्षांची किंमत दिसली, तर बँकेपुढे मांडायला त्याच्याकडे काही ठोस असते.

विक्रेते पुढेच आले नाहीत तर काय? मोठ्या कंपन्यांनी खरेदी आणि विक्री असे दोन्ही भाव ठरावीक अंतराच्या आत सतत देत राहावे, अशी मार्केट मेकरची जबाबदारी नियामक त्यांच्यावर टाकू शकतो. ही सक्ती पहिल्या दिवसापासून असावी की ऐच्छिक पद्धत फसल्यावर यावी, यावर मतभेद आहेत. सक्ती येऊ शकते हे सर्वांना ठाऊक असणे पुष्कळदा पुरते, परंतु त्यासाठी ‘फसले’ कशाला म्हणायचे, हे आधी लिहून ठेवलेले असावे: किती सत्रांत किती परिमाणाचे प्रस्ताव आले, खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर किती राहिले, आणि व्यवहार करणारे पक्ष किती होते.

पायरी ७: फेरआढाव्याची तारीख आणि जुन्या करारांची सोय करावी

सौर आणि बॅटऱ्यांचे प्रमाण बदलेल तसे महाग तास सरकतील, त्यामुळे खिडकी कधीतरी बदलावी लागणार हे गृहीत धरावे. तरीही दरवर्षी बदल करू नये. नवी आवृत्ती आली की जुन्या आवृत्तीतले करार मुदत संपेपर्यंत शिल्लक राहतात, आणि तेवढा काळ आधीच लहान असलेला बाजार दोन भागांत विभागला जातो. म्हणून बदलाची घोषणा किमान काही तिमाही आधी व्हावी, तो फक्त अद्याप व्यवहार न झालेल्या मुदतींना लागू व्हावा, आणि जुने करार नव्यात रूपांतरित करायचे असतील तर किमतीतील फरक कोणत्या सूत्राने भरून द्यायचा, ते सूत्र पहिल्याच पुरवणीच्या परिशिष्टात असावे.